भिंतीची ओल घालवून देतो म्हणणारे दारात आले तर

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या जुन्या घरात आई राहते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली (धोक्याची पातळी 45), तेव्हापासून खालच्या भिंतींना लोणा लागलाय आणि गिलाव्याचे पोपडे पडतायत. पूर आलेल्या गल्ल्या हेरत फिरणारा एक माणूस तिच्याकडेही आला.

त्याने दोन टोकांचं मीटर भिंतीला टेकवलं. आकडा चढला, लाल दिवा लागला. लाकडी दाराला लावलं तर आकडा खाली. "काकू, भिंत आतून कुजलीय, कधीही बसेल," म्हणाला. आई घाबरली, आणि त्याला तेच हवं होतं. अशा मीटरला कळतं ते इतकंच, की दोन टोकांमधून वीज किती वाहते. लोणा म्हणजे क्षार, आणि क्षारांमुळे वीज सहज वाहते. त्यामुळे ओल थोडी असली तरी आकडा भरमसाट दिसतो.

भिंतीला भोकं पाडून केमिकल सोडायचं, वर आतून वॉटरप्रूफ कोट. 38 हजार रुपये, बहुतेक आगाऊ. दहा वर्षांच्या गॅरंटीचा रंगीत कागद दिला. पक्कं बिल मात्र नाही.

पुढच्या पावसाळ्यात ओल कोटाच्या वरून फुटली. आतून वाट बंद झाली की ती भिंतीतूनच वर चढते. त्याचा फोन बंद. आमच्या ओळखीच्या गवंडीमामांनी भोकांत तार घातली, तर ती बोटभर जाऊन अडली. भोकं नुसती गिलाव्यात! दीड फुटाच्या भिंतीत केमिकल गेलंच नव्हतं. खरं कारण बाहेर होतं: पुरानंतर अंगणात घातलेले पेव्हर ब्लॉक जोत्याच्या वर आले होते आणि मोरीचा पाइप भिंतीलगत गळत होता. अंगण उतरवलं, पाइप बदलला, सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा केला. भिंत आता हळूहळू सुकतेय. जाड भिंतीला महिनोन्‌महिने लागतात.

एका विधवा बाईच्या भीतीवर धंदा करणाऱ्याचा मला संताप येतो. आईने ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. तुमच्याकडे असं काम चालू असेल तर केमिकल सोडण्याआधी प्रत्येक भोकात स्वतः तार घालून खोली मोजा, आणि पक्कं बिल हातात येईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.