रेडिओत रिचार्जेबल सेल, बरेच महिने वापरल्यानंतर

दिवाळीपासून घरातल्या दोन्ही रेडिओत रिचार्जेबल पेन्सिल सेलच टाकतोय. घ्यायच्या आधी जो तो हेच सांगत होता की ते १.२ व्होल्टचे असतात, रेडिओला १.५ लागतात, आवाज बारीक येईल. अजिबात नाही येत. नेहमीचा वापरून फेकायचा अल्कलाइन सेल १.५ वर सुरू होतो खरा, पण वापरायला लागलं की उतरत उतरत १ व्होल्टपर्यंत येतो आणि रेडिओ तेवढ्यावरही चालेल असाच बनवलेला असतो, उलट रिचार्जेबल, म्हणजे निकेल मेटल हायड्राइडवाला, जवळजवळ शेवटपर्यंत १.२ धरून राहतो त्यामुळे आवाज पहिल्या दिवशी होता तसाच. फक्त संपताना एकदम संपतो, बातम्या अर्ध्यावर राहतात, म्हणून चार्ज केलेली दुसरी जोडी तयार ठेवायची.

मी एनलूप ब्रँडचे सेल घेतले, २००५ मध्ये सान्योने आणलेले, आता पॅनासॉनिकचे. जुने रिचार्जेबल नुसते पडून महिन्याभरात बरेच उतरायचे, हे नाही उतरत, आणि रेडिओ रोज थोडा थोडाच ऐकला जातो त्यामुळे हाच गुण सगळ्यात कामाचा. रेडिओ ४० मिलिअँप खात असेल तर २००० एमएएच (मिलिअँप-तास, म्हणजे सेलची क्षमता) वर हिशोबाने ५० तास निघतात!

आता महत्त्वाचं. बाजारात यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात, तुलना करायला तेही आणले होते. एफएमला काही फरक नाही, पण मिडियम वेव्हवर पुणे आकाशवाणी ७९२ ला लावलं की नुसती घरघर. कारण आत ३.७ व्होल्टचा लिथियम सेल असतो आणि तो १.५ वर आणायला एक छोटं स्विचिंग सर्किट, ते सर्किटच अँटेनाच्या शेजारी बसून आवाज करतं. टॉर्चला, खेळण्यांना खुशाल वापरा, रेडिओला नको. (निकेल मेटल हायड्राइड सेलचा चार्जर चालू असेल तरी जवळच्या रेडिओत खरखर येऊ शकते, तो दुसऱ्या खोलीत लावा.)

पेन्सिल सेलवर ३०००च्या वर एमएएच छापलेलं दिसलं तर सरळ सोडून द्या, त्या आकारात खरे २५००-२८०० च्या पुढे मावतच नाहीत. मोठ्या (डी आकाराच्या) सेलमध्ये तर काहीजण आत पेन्सिल सेलच भरून विकतात, खरा १०००० एमएएचवाला दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा लगेच कळतं.

चार्जर मात्र प्रत्येक सेल वेगळा ओळखणारा आणि भरला की आपोआप बंद होणाराच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि जोड्या मोडू नका. एक भरलेला आणि एक अर्धा असे घातले तर अर्धा आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याच्यातून करंट ढकलतच राहतो, त्याने रिकामा सेल उलटा चार्ज होतो आणि तिथेच खराब होतो. मी जोडीजोडीवर मार्करने नंबर टाकलेत, आता आईसुद्धा नंबर बघूनच सेल बदलते.