चेन सॉची ताकद वाढवायची, की मोठी मशीन घ्यायची?

2020 च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा कटर, म्हणजे चेन सॉ, कशाला लागतो हे कोकणात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. आता प्रश्न पुढचा आहे. 45 सीसीची मशीन फांद्या भराभर उतरवते, पण जुन्या आंब्याच्या बुंध्यात दमते. मेकॅनिक म्हणतो, सायलेन्सर मोकळा करून देतो. दुकानदार म्हणतो, मोठी घ्या.

दोघांचं ऐकण्याआधी भुसा बघा. पोह्यांसारखे चपटे तुकडे पडत असतील तर चेनला धार आहे. बारीक पूड उडत असेल तर ताकद इंजिनात नाही, दात्यात कमी पडतेय. नारळाचा बुंधा आणि मातीत लोळलेलं लाकूड धार फार लवकर खातं. .325 पिचच्या (पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर, इंचात) चेनला 4.8 मिमीची गोल कानस लागते आणि कोन बहुतेक वेळा 30 अंशांचा. खर्च नगण्य, फरक मात्र पहिल्याच कापात कळतो. दात्यापुढचा रेकर, म्हणजे दाता किती खोल खाईल हे ठरवणारा उंचवटा, दात्यापेक्षा साधारण 0.65 मिमी खाली असावा. चेन जास्त खावी म्हणून काहीजण तो आणखी घासतात. मग चेन लाकडात अडकते आणि मशीन अंगावर उसळते. माझ्या मते सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत वाईट 'मॉडिफिकेशन' हेच.

सायलेन्सर मोकळा करणं हे मधलं काम. धूर सहज बाहेर पडतो, इंजिन मोकळा श्वास घेतं, वरच्या आरपीएमला जोर जाणवतो. पण हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, की मिश्रण कोरडं होतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येत असल्याने पिस्टन तापून सीज होतो, म्हणजे जाम होऊन अडकतो. म्हणून सायलेन्सरला हात लावला की कार्बोरेटरचा एच स्क्रू (वरच्या आरपीएमला पेट्रोल किती जावं हे ठरवणारा) सैल करून मिश्रण पुन्हा जुळवावंच लागतं, आणि ते कानाने जमणारा मेकॅनिक हवा. शिवाय आतली ठिणगी अडवणारी जाळी काढून टाकली तर उन्हाळ्यात सड्यावरच्या वाळलेल्या गवताला आग लागायला वेळ नको. आवाज तर आधीच 100 डेसिबलच्या वर असतो.

पोर्टिंग, म्हणजे सिलिंडरची भोकं घासून मोठी करणं, सिलिंडरखालचं बेस गॅस्केट काढून कॉम्प्रेशन (मिश्रणावरचा दाब) वाढवणं, हे हौशी माणसाचं काम. पिस्टन आणि हेडमधली जागा अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली की धडक बसण्याची भीती. सुटा सिलिंडर-पिस्टन सेट घरात असेल, मशीन चार दिवस बंद राहिली तरी चालत असेल, तर करून बघा. रोजंदारीच्या मशीनवर नको. आणि मोठी घ्यायची झाली तरी एक लक्षात ठेवा: '58 सीसी' लिहिलेल्या बऱ्याच स्वस्त मशीनमध्ये 45.2 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 34 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव) असतो, म्हणजे हिशेबाने 54.6 सीसीच.

आता मोठी मशीन. स्टिल एमएस 250 (45.4 सीसी) 2.3 किलोवॅट देते, हुस्क्वर्ना 372 एक्सपी (70.7 सीसी) साधारण 4. एवढी उडी कुठल्याही घासाघाशीने मिळणार नाही. मोठीचा ऑइल पंप लांब पट्टीला (जिच्यावरून चेन फिरते) पुरतो, क्लच आणि चेन झटक्यात थांबवणारा चेन ब्रेक त्या ताकदीसाठीच बनवलेले असतात. किंमत आणि वजन मात्र सोसावं लागतं. दिवसभर फांद्या छाटायला ती घेतली तर संध्याकाळी खांदे बोलतात.

सुरक्षेच्या बाबतीत मला मॉडिफाय केलेली मशीन इथेच खटकते. इंजिन वाढतं, ब्रेक तोच राहतो. 3/8 पिच आणि सात दात्यांचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं चाक) असेल तर 10,000 आरपीएमला चेन सेकंदाला सुमारे 22 मीटर धावते. चेन अडवणाऱ्या पँटचे वर्ग याच वेगावर ठरतात: क्लास 1 ला 20 मीटर, क्लास 2 ला 24, क्लास 3 ला 28. म्हणजे आरपीएम वाढवले किंवा आठ दात्यांचं स्प्रॉकेट लावलं, तर अंगावरची पँट कदाचित पुरणार नाही. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन तोंडाकडे येते, ते कुठल्याही मशीनमध्ये. डाव्या हाताचा अंगठा हँडलखालून वळवलेला हवाच.

वादळात वाकून अडकलेल्या खोडाला आधी दाबल्या गेलेल्या बाजूने थोडा काप द्या, मग ताणलेल्या बाजूने. आणि वर्षाकाठी असा एखादाच मोठा बुंधा निघत असेल, तर ना सायलेन्सर फोडा ना नवी मशीन घ्या; मोठा कटर असलेल्या कसलेल्या माणसाला बोलवा आणि 45 सीसीवर फांद्या आवरा.