एसीचा गॅस अंदाजाने नको, ग्रॅममध्ये भरा : अकोल्याच्या अख्ख्या उन्हाळ्यानंतर

गाडी कोणती ते सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, एसी साधा, गोल बटणं फिरवायचा. फेब्रुवारी सरता सरता जाळीतून कोमट हवा यायला लागली. इकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, त्यामुळे पुढे ढकलण्यासारखं हे काम नव्हतं.

आधी कंपनीच्या वर्कशॉपला नेली. कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप), कंडेन्सर (दाबलेला गॅस थंड करून द्रव करणारा समोरचा भाग), कूलिंग कॉइल, सगळंच बदला म्हणून ३४ हजारांचं एस्टिमेट हातात आलं. गळती नेमकी कुठे आहे विचारलं, तर "सर, गाडीचं वय झालंय ना." वय मलाही माहीत आहे, हप्ते मीच फेडलेत. गाडी घेऊन निघालो.

मग रस्त्यावरचा गॅसवाला. १,८०० रुपये घेतले, चहा होईपर्यंत काम झालं. गार इतकी की मागे बसलेल्या आईने काच खाली करायला लावली. महिना सरला नाही तोच पुन्हा कोमट. तो म्हणाला, "या टायमाले थोडा जास्तच टाकून देतो भाऊ, कूलिंग जबरदस्त येईन." आली उलटीच. चालत्या गाडीत जेमतेम, आणि सिग्नलला थांबलं की कॉम्प्रेसर टक् करून बंद, मग थोड्या वेळाने पुन्हा टक्.

शेवटी मित्राने फक्त एसीचंच काम करणाऱ्या एका कारागिराचा पत्ता दिला. त्याने बॉनेट उघडलं आणि मला एक स्टिकर दाखवलं, जे मी आठ वर्षांत वाचलं नव्हतं : एचएफसी-१३४ए, ४२० ग्रॅम. मग आतला गॅस मशीनने काढून वजन केलं. ५६० ग्रॅम निघाला! म्हणजे जास्तीच्या गॅससाठी मी पैसे मोजले आणि त्यानेच एसी बिघडवला. प्रमाणाबाहेर गॅस असला की कंडेन्सरची जागा द्रवाने भरते, हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूचा, दाब चढतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो.

आता मी या वजनाबद्दल बोलणार आहे, कंटाळा आला तरी वाचा. गॅसवाले दोन गेज लावून दाब बघतात आणि "भरला" म्हणतात. पण बंद गाडीत ४० अंशांना या गॅसचा दाब साधारण १३० पीएसआय असतो, मग आत २०० ग्रॅम असो की ४००. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी गेज तापमान सांगतो, प्रमाण नाही. गाडी चालू असताना दाब बदलतो खरा, पण तो उन्हावर, ब्लोअरवर, इंजिनाच्या फेऱ्यांवरही बदलतो. गेज निदानाला हवाच. मोजमापाला मात्र वजनकाटा लागतो. आपण कांदे काट्यावर घेतो आणि हजार-दोन हजारांचा गॅस डोळ्यांनी! कमी गॅसही घातकच, कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस कमी पडला की तेल परत येत नाही आणि मग खरोखरच कॉम्प्रेसरचा खर्च निघतो.

आणि गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. होज आणि सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो तेवढाच. या कारागिराने नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावला. लो साइडच्या (कमी दाबाच्या बाजूच्या) व्हॉल्व्हची पिन बुडबुडे सोडत होती. ट्यूबच्या व्हॉल्व्हमध्ये असते तसलीच पिन, आणि तिच्यावरचं टोपणही गायब. पिन बदलली, टोपण बसवलं, अर्धा तास व्हॅक्यूम मारून तो टिकतो का ते पाहिलं (आत ओलावा राहिला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हवर, म्हणजे कॉइलच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकावर, बर्फ धरतो), मग काट्यावर ४२० ग्रॅम. सगळे मिळून ३,२०० रुपये. ३४ हजारांच्या एस्टिमेटमध्ये ही पिन कुठेच नव्हती.

अमरावतीला जाताना, ७५ किलोमीटर लेन सलग डांबरण्याच्या त्या गिनीज विक्रमवाल्या रस्त्यावर, जाळीत स्वस्तातला थर्मामीटर खोचून पाहिला : भर दुपारी ९ अंश. इथवरचं एप्रिलमध्ये लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी पाच दिले होते.

मे महिन्यातली भर : गर्दीत उभं राहिलं की पुन्हा कोमट. माझं डोकंच फिरलं. तावातावाने कारागिराकडे गेलो, तर त्याने गेज लावलाच नाही. "गॅस मोजून टाकला हाये भाऊ, तो प्रश्नच नाही," म्हणत गाडीच्या नाकाडावरच्या जाळीतून कंडेन्सरवर मगाने पाणी ओतलं. दोन मिनिटांत हवा गार. कंडेन्सरचा पंखा नीट फिरत नव्हता, मोटरचे कार्बन ब्रश झिजले होते. हायवेला वारा आपोआप लागतो म्हणून तिथे कळत नव्हतं. मोटर २,४०० रुपये, तेही घासाघीस करून. खर्च झोंबला, पण पुन्हा आंधळेपणाने गॅस भरला नाही हे बरं.

वर्कशॉपबद्दलचं मतही थोडं बदललंय. भावाच्या गाडीसाठी तिथे गेलो तेव्हा पाहिलं, त्यांच्या मशीनवर ग्रॅमचा आकडा टाकला की तेवढाच गॅस जातो. मशीन उत्तम आहे. गळती शोधायची तसदी मात्र घेत नाहीत, थेट पार्टची यादी देतात.

जून आला, वजनाने भरलेला गॅस टिकून आहे. ब्लोअर चारवर गेला की घरघर करतो, ते तीनवर ठेवून निभावतो. आमच्या कारागिराला पाचपैकी चार. एक कापला तो पक्क्या बिलासाठी. ग्रॅमचा आकडा लिहून द्या म्हटलं की काट्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, आणि तोही हललेला.