ईएसपी, एनआरएफ की लोरा? स्वस्तातलं रेडिओ मॉड्यूल घेण्याआधी

सेन्सर लावायचाय, वायर ओढायची नाही आणि बजेट बेताचं आहे, तर पुण्यात पसोड्या विठोबापाशी जा नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, फिरून फिरून तीनच नावं कानावर येतात, ईएसपी८२६६ (वायफायवालं), एनआरएफ२४एल०१ (जवळच्या अंतराचं साधं २.४ गिगाहर्ट्झचं) आणि लोरा (लांब पल्ल्याचं पण हळू). भाव विचारून ठरवू नका. सेन्सरपाशी प्लग आहे का आणि ऐकणारं टोक किती लांब आहे, एवढं आधी बघा.

प्लग आणि वायफाय दोन्ही असेल तर सरळ ईएसपी. प्रोग्राम त्याच्यातच चालतो, वेगळा अर्डुइनो (प्रोग्राम चालवणारा कंट्रोलर बोर्ड) लागत नाही. फक्त पाठवताना १७० मिलिअँपच्या आसपास खातो, झटका त्याहून मोठा, त्यामुळे प्रोग्राम भरायच्या यूएसबी कन्व्हर्टरच्या ३.३ व्होल्ट पिनवर चालवायला गेलात की तो सारखा रीसेट मारत बसतो आणि लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात. बॅटरीवर मात्र भानगड आहे. डीप स्लीपला, म्हणजे गाढ झोपेत, चिप कागदावर २० मायक्रोअँप घेते खरी, पण नोडएमसीयू, म्हणजे ईएसपी बसवलेला तयार बोर्ड, त्याच्यावरचा १११७ छाप व्होल्टेज रेग्युलेटर एकटाच ५ मिलिअँपच्या घरात पितो, म्हणजे २५०० एमएएचचा सेल काहीही न करता तीन आठवड्यांत खलास. आणि ईएसपी-०१ या छोट्या बोर्डावर टायमरने उठवायची जीपीआयओ१६ पिन बाहेरच काढलेली नाही, चिपच्या पायाला केसाएवढी वायर सोल्डर करावी लागते, हौस असेल तर करा.

एनआरएफ झोपेत १ मायक्रोअँपहून कमी आणि फुल पॉवरला पाठवताना ११.३ मिलिअँप, त्यामुळे एकाच खोलीत किंवा एखाद-दुसऱ्या भिंतीपलीकडे बॅटरीवर मस्त चालतं. पॅकेट ३२ बाइटचं, तापमान-आर्द्रतेला भरपूर. डेटा पिना ५ व्होल्ट सोसतात पण सप्लाय ३.६ च्या वर गेला की मॉड्यूल मेलंच समजा. सप्लायला अगदी जवळ १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावाच. खरा वैताग नकली चिपांचा, अस्सल आणि नकली समोरासमोर आले की पॅकेटची पोच आपोआप देणारं ऑटो-अ‍ॅक गंडतं, म्हणून सगळी एकाच लॉटमधली घ्या. एनआरएफ बनवणारी नॉर्डिक स्वतःच नवीन डिझाइनला हा चिप नको म्हणते, त्यामुळे नव्याने सुरू करणाऱ्याला मी तरी सुचवणार नाही, राउटरशिवाय ईएसपी-नाऊ (दोन ईएसपी थेट एकमेकांशी बोलायची पद्धत) वापरलं की पॅकेटला २५० बाइट मिळतात आणि कंट्रोलर वेगळा लागत नाही.

शेत असेल तर चर्चाच नको, लोरा. ऊस डोक्यावर गेला की पानांतलं पाणी २.४ गिगाहर्ट्झ गिळून टाकतं, ८६५ मेगाहर्ट्झ त्यातून बरंच पार होतं. बदल्यात वेग जातो, एसएफ१२ ला (लोराची सगळ्यात लांब पल्ल्याची, सगळ्यात हळू सेटिंग) सेकंदाला ३०० बिटसुद्धा नाहीत, २० बाइट पाठवायला सेकंदाहून जास्त. विहिरीची पातळी पंधरा मिनिटांनी एकदा, हे जमतं, कॅमेरा विसरा. विकत घेताना फ्रीक्वेन्सी बघा: आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ विनापरवाना आहे, ९१५ छापलेलं मॉड्यूल ८६५ वर सेट होतं पण त्याच्यासोबतचा अँटेना ९१५ साठी कापलेला असतो. अँटेना लावल्याशिवाय पाठवू नका, चिप जळू शकते.

चार-पाच सेन्सरसाठी लोरावॅनचा (लोरावर चालणाऱ्या मोठ्या नेटवर्कचा) महागडा आठ चॅनेलवाला गेटवे, म्हणजे सगळ्या सेन्सरचं ऐकून पुढे पाठवणारा डबा, घेऊ नका. फार्महाउसवर प्लगपाशी एक ईएसपी, त्याला एक लोरा मॉड्यूल, आणि अँटेना जमेल तेवढा उंच, पत्र्याच्या शेडच्या वर, आत नाही.