डीईआयचा सर्टिफिकेट कोर्स: कायदा आणि ऑडिट भारी, बाकी सगळी अमेरिका

एचआरवाल्यांच्या ग्रुपवर कोणी ना कोणी विचारतंच की तो युनिव्हर्सिटीचा डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लुजन (हेच ते डीईआय, म्हणजे भेदभाव न करता सगळ्यांना सामावून घेणं) आणि बिलाँगिंगवाला कोर्स करू का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. पुण्यातली एक खाजगी युनिव्हर्सिटी आहे, नाव घेत नाही. वीकेंड बॅच, अर्धं ऑनलाइन, अर्धं कॅम्पसवर, फी 35 हजार आणि वर जीएसटी. माझी अर्धी फी कंपनीने भरली, सगळी स्वतःच्या खिशातून भरायची असती तर मी काही या भानगडीत पडले नसते.

सुरुवातीचे मॉड्यूल म्हणजे शुद्ध अमेरिका. 1964 चा भेदभावबंदीचा सिव्हिल राइट्स अ‍ॅक्ट, अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन (मागे ठेवल्या गेलेल्या गटांना प्रवेशात, नोकरीत प्राधान्य), मग 2023 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने हार्वर्डच्या केसमध्ये अ‍ॅडमिशन देताना वंश बघायला कसा चाप लावला, टेक्सासने 2024 पासून सरकारी युनिव्हर्सिट्यांमधली डीईआय ऑफिसं कायदा करून कशी बंद केली, असं सगळं. इंटरेस्टिंग आहे, नाही असं नाही. पण जातीवर किती, तर एक स्लाइड! आणि ती पण सिअ‍ॅटल शहराने 2023 मध्ये जातिभेदावर बंदी घातली त्याची. म्हणजे जात अमेरिकेला जाऊन आली तेव्हा कुठे तिला पुण्याच्या सिलॅबसमध्ये शिरकाव मिळाला. अहो, इथून चार-पाच तासांवर कोल्हापूर, शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना 50 टक्के जागा ठेवल्या, वेगवेगळ्या जातीधर्माच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली, याहून चांगली केस स्टडी कुठली शोधणार? आणि अमेरिकाच हवी असेल तर बाबासाहेबांनी 1916 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातच जातीवर पेपर वाचला होता की, तो तरी घ्या.

अजून एक खटकलं ते यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं. 2012 च्या समतेच्या नियमांत इक्वल ऑपॉर्च्युनिटी सेल आलाय, भेदभावाच्या तक्रारी बघणारा अधिकारी आलाय, आणि ते नीट राबवले जात नाहीत म्हणून रोहित वेमुला आणि पायल तडवी (जातीवरून छळ झाल्याच्या आरोपांत ज्यांच्या आत्महत्या गाजल्या ते विद्यार्थी) यांच्या आया 2019 ला सुप्रीम कोर्टात गेल्या. युनिव्हर्सिटीत बसून हाच विषय शिकवताय आणि त्यावर अवाक्षर नाही?

पण सेशन घेणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या हे मान्य करावंच लागेल. प्रिव्हिलेज वॉक नावाचा प्रकार असतो, सगळ्यांनी एका रेषेत उभं राहायचं आणि वाक्य लागू पडलं की एक पाऊल पुढे किंवा मागे. वाक्यं पण इम्पोर्टेड, समर कँपला गेला असाल तर पुढे, त्वचेच्या रंगावरून पोलिसांनी अडवलं असेल तर मागे, सगळे आपले जागच्या जागी एकमेकांकडे बघत उभे. मग परभणीचा एक जण म्हणाला, मॅडम, मी एक विचारू का? भाड्याने खोली बघताना ज्यांना आधी आडनाव विचारलं आणि मग खोली गेली म्हणून सांगितलं, त्यांनी मागे या. बऱ्यापैकी लोक मागे आले. वर्षभर एकाच मजल्यावर काम करणारे दोघं होते, त्यातला एक मागे गेला आणि दुसरा नुसता बघत राहिला. मॅडमनी हातातला छापील कागद ठेवून दिला आणि पुढची सगळी वाक्यं आमच्याकडून घेतली, काय खाता म्हणून कुणाच्या डब्यावर कमेंट झाली, इंग्रजी उच्चारावर कोण हसलं, सगळं निघालं. कोर्समधला सगळ्यात चांगला तास हा, आणि तो सिलॅबसमध्ये नाहीच.

कायद्याचं मॉड्यूल मात्र पैसे वसूल. शिकवायला वकील होत्या, फाफटपसारा नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आधीच्या 7 ऐवजी 21 प्रकार आले, सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत 5 टक्के जागा राखीव, हे ऐकून माहीत असतं, पण इक्वल ऑपॉर्च्युनिटी पॉलिसी प्रायव्हेट कंपनीला पण बंधनकारक आहे आणि 20 किंवा जास्त माणसं असतील तर दिव्यांग कर्मचाऱ्यांची भरती आणि सोयी बघणारा लायझन ऑफिसर नेमावा लागतो, हे वर्गात अर्ध्यांना नवीन होतं. तसंच 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्याखाली तक्रार अधिकारी लागतो ते. पॉशची (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) इंटर्नल कमिटी 10 माणसांपासून लागते हे सगळ्यांना पाठ, कारण तिथे दंडाची भीती असते.

नंतर अ‍ॅक्सेस ऑडिट. म्हणजे दिव्यांगांना इमारतीत नीट वावरता येतं का ते टेप घेऊन स्वतःच्याच कॅम्पसवर फिरून बघायचं. एक फूट उंची चढायची तर रॅम्प 12 फूट लांब हवा, असा हिशोब आहे. ऑफिसच्या बिल्डिंगपुढचा मोजला तर उंची फूटभर आणि लांबी पाच फूट, ती घसरगुंडीच झाली. दिव्यांगांच्या टॉयलेटला कुलूप, चावी मावशींकडे, मावशी जेवायला गेलेल्या, उघडलं तर आत बादल्या, मॉप आणि फिनाइलचे कॅन. रिपोर्ट लिहून दिलाय, पुढे काय झालं कुणास ठाऊक.

आणि याच कोर्सचं वाचायचं मटेरियल म्हणजे पुस्तकांची पानं वाकडीतिकडी स्कॅन केलेल्या पीडीएफ. वर्गात एक जण दृष्टिहीन, तो एनव्हीडीए स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतो, स्कॅन म्हणजे नुसतं चित्र, सॉफ्टवेअर वाचणार काय? मेल करून करून शेवटी टाइप केलेल्या फाइल आल्या त्या परीक्षेच्या तोंडावर. तो तोपर्यंत मैत्रिणीकडून वाचून घेत होता. इन्क्लुजन शिकवायचे पैसे घेता तर हे पहिल्या दिवशी तयार पाहिजे. एक स्टार यासाठीच कापला.

एचआर, अ‍ॅडमिन, कॉलेजच्या सेलवर नेमलेले प्राध्यापक यांनी करायला हरकत नाही, कायदा आणि ऑडिट लगेच कामाला येतं. विषय खरंच खोलात शिकायचा असेल तर मात्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं स्त्री अभ्यास केंद्र किंवा मुंबईचं टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) बघा, तिथे अभ्यास लागतो, वीकेंडवर भागत नाही. फी भरायच्या आधी रीडिंग लिस्ट मागून घ्या, मागितली की देतात. आणि एका कंपनीतून तिघं गेलात तर डिस्काउंट मिळतो, वेबसाइटवर लिहिलेलं नाही, फोन करून घासाघीस करावी लागते. 5 पैकी साडेतीन.