कुत्र्यांच्या गोठवलेल्या खाऊचा सिलिकॉन साचा : साचा उत्तम, पुस्तिका सदोष

कुत्र्यांसाठी घरीच गोठवलेला खाऊ तयार करता यावा म्हणून पंजाच्या आणि हाडाच्या आकाराचे खण असलेले सिलिकॉनचे साचे मिळतात. त्यांपैकी झाकण असलेला एक साचा मी संपूर्ण उन्हाळाभर वापरला. आमच्याकडे दोन कुत्री आहेत. एक लॅब्रॅडॉर जातीची, पुढ्यात येईल ते न चावता गिळणारी मादी आणि दुसरा लहान चणीचा, दात झिजलेला म्हातारा कुत्रा. दोघांच्या खाण्याच्या तऱ्हा इतक्या वेगळ्या आहेत की साच्याची परीक्षा आपोआपच कसून झाली.

साचा म्हणून या वस्तूत फारशी खोट काढता येत नाही. सिलिकॉन फ्रीझरच्या उणे १८ अंश सेल्सिअस तापमानातही लवचीक राहते, त्यामुळे खण खालून अंगठ्याने दाबला की गोठलेला तुकडा अखंड बाहेर येतो आणि पंजाची बोटेसुद्धा तुटत नाहीत. लवचीकपणामुळेच भरलेला साचा उचलताना हेलकावतो. म्हणून तो आधी ताटात ठेवून मग भरावा आणि ताटासकट फ्रीझरमध्ये सरकवावा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, म्हणून खण काठोकाठ न भरता वर थोडी जागा सोडावी, नाहीतर झाकण उचलले जाते. झाकण मात्र हवेच. त्यामुळे मिश्रणाला फ्रीझरमधील इतर पदार्थांचा वास लागत नाही आणि वरचा थर कोरडा पडत नाही.

माझा खरा आक्षेप आहे तो वेष्टनावरील ‘सर्व जातींच्या कुत्र्यांसाठी योग्य’ या दाव्याला. पंजाचा खण जेमतेम सुपारीएवढा आहे. आमचा म्हातारा तो तुकडा पुढच्या पायांत धरून, जीभ फिरवत सावकाश संपवतो, तेव्हा त्याच्यासाठी हे माप अगदी बरोबर आहे. मोठ्या कुत्र्याच्या तोंडात तोच तुकडा थेट घशाकडे जातो आणि घास अडकण्याचा धोका उभा राहतो. खाऊचा तुकडा सबंध गिळता येणार नाही इतका मोठा असावा, हा नियम इथे पाळावाच लागतो. त्यामुळे लॅब्रॅडॉरसाठी मी साचा वापरणे थांबवले असून तेच मिश्रण पसरट, जड भांड्यात पातळ थर देऊन गोठवते. ती ते चाटत बसते, आणि चाटण्यात वेळही छान जातो.

दुसरी काळजी कडकपणाची. नुसते पाणी किंवा पातळ सूप गोठवले की दगडासारखा बर्फ होतो, आणि तो जोराने फोडताना कुत्र्याच्या वरच्या जबड्यातील मोठ्या दाढेचा कपचा उडू शकतो. दही, केळे किंवा भोपळ्याचा गर घातला की मिश्रण तितके कडक होत नाही. मी तुकडा काही मिनिटे बाहेर ठेवते आणि अंगठ्याचे नख दाबून पाहते. नखाची खूण उमटली तरच तो कुत्र्यापुढे ठेवते.

साच्यासोबत पाककृतींची एक छोटी पुस्तिका येते आणि तिच्याबद्दल मला कठोरच लिहावे लागेल. पहिल्याच कृतीत दूध आणि मध आहे. अनेक प्रौढ कुत्र्यांना दुधातील लॅक्टोज नीट पचत नाही आणि जुलाब होतात. मधाची तर काही गरजच नाही. पुढे ‘पीनट बटर’ एवढेच लिहून सोडून दिले आहे. काही पीनट बटरमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल असते आणि ते कुत्र्यांना अत्यंत विषारी आहे. त्याने शरीरात इन्सुलिन एकाएकी स्रवून रक्तातील साखर झपाट्याने घसरते आणि यकृतही निकामी होऊ शकते. लेबलवर ते ‘बर्च शुगर’ किंवा ‘ई ९६७’ या नावांनीही येते, म्हणून घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी. ‘आवडीची मिश्र फळे’ ही सूचना तर बेजबाबदारपणाची आहे. द्राक्षे आणि मनुका यांनी कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर अपाय होईल हे आधी सांगता येत नाही. यामागे टार्टारिक आम्ल असावे, असे मत अमेरिकेतील पशुवैद्यकीय विषतज्ज्ञांनी २०२१ मध्ये मांडले आहे. कुत्र्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या पुस्तिकेत एवढी एक ओळ छापणे अवघड नव्हते.

त्यामुळे पुस्तिका बाजूला ठेवून मी स्वतःच्या दोन कृतींवर स्थिरावले आहे. पहिलीत लाल भोपळा वाफवून, गार करून, तेवढ्याच बिनसाखरेच्या दह्यासोबत घोटायचा. दही विरजताना दुधातील लॅक्टोज काही अंशी कमी होते, म्हणून थोडे दही बऱ्याच कुत्र्यांना सोसते. दुसरीत कोंबडी नुसत्या पाण्यात शिजवायची, मीठ, कांदा आणि लसूण काहीही न घालता, कारण कांदा-लसणाने कुत्र्यांच्या लाल रक्तपेशी फुटतात. पाणी गाळून फ्रिजमध्ये ठेवले की चरबीचा थर वर गोठतो. तो काढून टाकावा आणि खालच्या सुपात शिजलेले गाजर वाटून मिसळावे. या कृतीनंतर मात्र सिलिकॉनला चिकट वास राहतो आणि गरम साबणाच्या पाण्याने दोनदा धुतल्याशिवाय तो जात नाही.

खाऊ कितीही पौष्टिक असला तरी दिवसभराच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून अधिक वाटा त्याचा नसावा, असे पशुवैद्य सांगतात. उष्माघातावर तो उपाय नव्हे. कुत्रा बेसुमार धापा टाकू लागला, लाळ गाळू लागला किंवा लडखडू लागला तर त्याला सावलीत नेऊन, अंगावर पाणी घालून तडक दवाखाना गाठावा.

लहान आणि मध्यम चणीच्या, चाटून खाणाऱ्या कुत्र्यांच्या पालकांनी हा साचा निःशंक घ्यावा. मोठ्या कुत्र्यांसाठी त्याच बनावटीचा मोठ्या खणांचा साचा मिळाला तरच विचार करावा. साचाच कुत्र्यापुढे ठेवून चाटू देण्याची पद्धतही काही ठिकाणी दिसते, ती मला मान्य नाही. सिलिकॉन दातांनी सहज फाटते आणि पोटात गेलेला तुकडा आतड्यात अडकू शकतो, म्हणून धुतल्यावर काठ बोटाने चाचपून पाहावेत आणि चीर दिसली की साचा टाकून द्यावा.