रामशेजची गडफेरी, तोफखान्यातल्या माणसाच्या नजरेतून

नाशिकहून पेठच्या रस्त्याने निघालं की आशेवाडीच्या माथ्यावर रामशेज दिसतो. सह्याद्रीच्या मानाने ठेंगणा, मोकळ्या मुलखात एकटाच उभा. तिथे इतिहासाची गडफेरी नेणाऱ्या एका गटाबरोबर जाऊन आलो. माझी नोकरी तोफखान्यात झाली, त्यामुळे मला एकच ऐकायचं होतं: १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने वेढलेला हा गड मूठभर गडकऱ्यांनी वर्षानुवर्षं कसा झुंजवला?

सांगणारा मुलगा तयारीचा होता. त्याने सगळी मांडणी खाफीखान या मोगलांच्याच इतिहासकारावर केली, ते मला फार आवडलं. शत्रूच्या लेखणीतून कौतुक ऐकताना छाती भरून येते. मोगल सरदार शहाबुद्दीनखानाने मोर्चे लावले, सुरुंग खणले, गडावर मारा करायला उंच लाकडी दमदमा, म्हणजे बुरूजच, उभारला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. किल्लेदाराने झाडांची खोडं पोखरून, त्यांना चामडं लावून तोफा केल्या आणि त्यातली एकेक दहा तोफांचं काम करी, असं खाफीखान लिहितो.

इथे मात्र मुलगा घाईने पुढे सरकला. अहो, थांबायची जागा तीच! लाकडी नळी जास्त बारूद सोसत नाही, फुटते. शिवाय कड्यावरून खाली मारायचं तर तोंड झुकवावं लागतं आणि डाट, म्हणजे गोळा जागी धरणारा बोळा, घट्ट नसेल तर गोळा बत्ती द्यायच्या आधीच घरंगळून बाहेर येतो. अशा नळ्यांवर ज्यांनी गड राखला ते नुसते शूर नव्हते, हाताचे कसबी होते. हे मुलांना सांगायलाच हवं.

दुसरा मोगल सरदार बहादूरखान, त्याचा डाव मुलाने झकास रंगवला. एका बाजूला हल्ल्याचा मोठा गाजावाजा करायचा आणि निवडक माणसं दुसरीकडून गुपचूप वर चढवायची. किल्लेदाराने ओळखलं. गाजावाजाच्या बाजूला त्यानेही आरडाओरडा करवला आणि दुसऱ्या बाजूला माणसं चिडीचूप बसवली. वर आलेल्यांचं काय झालं असेल, ते कड्यावर उभं राहून ऐकताना आपोआप कळतं. पुढे खानाने सोन्याचा नाग घेतलेला मांत्रिक पुढे केला, तर गोफणीच्या धोंड्याने तोही आडवा झाला. यावर सगळी मंडळी खळखळून हसली.

१६८७ मध्ये गड गेला तो फितुरीने, हेही त्याने न लपवता सांगितलं. त्याबद्दल त्याला शाबासकी.

दोन गोष्टी खटकल्या. संभाजी महाराजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना कुमकेला धाडलं होतं, त्यांचा उल्लेखच झाला नाही. वेढ्यातला गड नुसता वरून लढत नाही. बाहेरची फौज वेढा घालणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही, तेव्हा आतला माणूस तग धरतो. दुसरं म्हणजे गट फार मोठा होता. मागच्यांना निम्मं ऐकू आलं नाही आणि ऐन रंगात आलेलं बोलणं घोषणांमध्ये बुडालं. घोषणा मीही मनापासून दिल्या, पण त्यांची जागा माथ्यावर, सांगून झाल्यावर.

चढ सोपा आहे, वाटेत गुहेतलं राममंदिर लागतं. शाळेची मुलं नेणार असाल तर जरूर न्या. फक्त लहान गट मागून घ्या आणि लाकडी तोफांबद्दल खोदून खोदून विचारा.